एका पिक्सेलचा शब्द

एकदा एक म्हातारा होता. दृष्टांतातले म्हातारे जन्मतःच शहाणे असतात. ते नदीकाठी बसतात, दाढी कुरवाळतात आणि शिष्याच्या प्रश्नाची वाट पाहतात. हा तसला नव्हता. याला दाढी नव्हती, गुडघेदुखी होती. आणि कोणी काही विचारलं की तो आधी चिडत असे. तरी शहाणपण त्याच्यापाशी होतं, हे मान्य केलं पाहिजे. ते त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या कामात वापरलं, स्वतःवर फक्त एकदा. त्या एका वेळेची ही गोष्ट आहे.

कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात, कासार गल्लीत, बांगड्यांच्या दुकानावर एक माडी होती. लाकडी जिना, तिसरी पायरी हलती. त्या माडीवर वामन आप्पा लोकांना वेबसाइटी करून देत. गावात इंटरनेट फोनच्या तारेतून किंचाळत येत असे, तेव्हापासून ते हेच काम करत होते. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल, तेव्हा वेबपान म्हणजे एक भलंमोठं टेबल असायचं. एका चौकटीत दुकानाचं नाव, दुसरीत गणपती, तिसरीत फोन नंबर. चौकट कलंडू नये म्हणून तिच्यात एका अदृश्य ठिपक्याचं चित्र टेकूसारखं घालून ठेवायचे. आप्पा त्या टेबलांचे सुतार होते. पुढे नवी पोरं आली, नवी तंत्रं आली, टेबलात पान मांडणारा माणूस हसण्यावारी गेला. आप्पांकडे उरल्या दोन पतसंस्था, एक साखर कारखाना आणि आदगोंडा शेठ.

आणि निवास.

निवासने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. का सोडलं असं विचारणाऱ्याला तो ‘कंटाळा आला’ म्हणून सांगे. खरं म्हणजे कंटाळा शिकवणाऱ्यांना आला होता. त्याने तो फक्त ओळखला. तो आप्पांकडे शिकायला म्हणून आला आणि जिना चढतच राहिला. खालच्या दुकानात कासारीण बायकांच्या हातात बांगड्या भरायची आणि प्रत्येकीला सांगायची, “हात ढिला सोड, बाई. आवळून धरलास की काच फुटतीया.” ते ऐकत निवास वर सीएसएस शिकला. सीएसएस म्हणजे वेबपानातल्या प्रत्येक वस्तूने कुठे बसायचं, किती उंच व्हायचं, कोणता रंग ल्यायचा हे सांगण्याची भाषा. ती त्याला चांगली आली. आप्पांना ते दिसत होतं. बोलून दाखवलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं, हे मला आजही कळलेलं नाही.

दोन दिवाळ्या गेल्यावर निवासने एकदा धीर करून विचारलं, “आप्पा, मी इथंच राहू का? म्हणजे कायमचा. तुमच्याबरोबर.”

आप्पांनी पडद्यावरून नजर काढली नाही. “बघू. तुझ्या कामावर आहे.”

“मग पुरतं एखादं काम द्या की माझ्याकडं.”

“तू किती पेलतोस ते कळलं की देऊ.”

घरी वडील एसटीत कंडक्टर. ते म्हणाले, “आप्पा काय म्हणत्यात त्यावर ठरवू.” सगळ्या वडीलधाऱ्यांनी मिळून त्या पोराला असं ‘बघू’वर टांगून ठेवलं होतं. सरळ बोलला तो एकटा चाकणचा मामा. त्याने श्रावणात फोन केला. “शनिवारी ये. गोदामात जागा हाय, माझ्या खोलीत कॉट हाय. हो का नाही तेवढं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर दुसरा पोरगा घेत्यात.” निवासला गोदाम नको होतं. पण पोरगं गोदामात जातं ते काही गोदामाच्या प्रेमाने नाही. तिथे कोणीतरी ‘ये’ म्हणालेलं असतं.

तो शुक्रवार उजाडला. निवास नेहमीसारखा माडीवर आला. दुपारी जिन्याची तिसरी पायरी करकरली आणि काखेत जुन्या कॅलेंडरांची सुरळी घेऊन आदगोंडा शेठ वर आले.

शेठ गुळाचे आणि धान्याचे घाऊक व्यापारी. दर दिवाळीला ते गिऱ्हाइकांना दुकानाच्या नावाचं कॅलेंडर वाटत. वर पत्र्याची पट्टी, दोऱ्याचा फास, नव्या शाईचा वास. पंचक्रोशीत असं स्वयंपाकघर नसेल की ज्याच्या दाराआड ते टांगलेलं नाही. बायका त्याच्या चौकटींत पेन्सिलीने संसार मांडायच्या. दूध चुकलं तिथे फुली, सिलिंडर लावला तिथे गोल, म्हैस व्याली तिथे ‘रेडी’. पुढच्या वर्षी शेठला ते फोनवरही हवं होतं. नमुना म्हणून आप्पांनी दिवाळीच्या महिन्याचं पान निवासकडून करून घेतलं होतं. एकेक ओळ स्वतः पाहून, एकेक रंग स्वतः बदलून.

शेठनी फोन नाकापाशी धरला. “आप्पा, ही एकादशी बघा. कंबरेपर्यंतच रंगलीया.”

“कुठं?”

“ही की. त्याच रांगेत लक्ष्मीपूजन कसं उंच झालंय. आणि एकादशी म्हणजे थोरल्या भावाच्या लग्नात आखूड विजार घालून आलेलं पोर.” त्यांनी एकादशीच्या वरच्या भागावर बोट ठेवलं. तिथी उघडली, उपवासाची माहिती आली. ती मिटवून खालच्या पांढऱ्या भागावर ठेवलं. काही नाही. “वर बोट ठेवलं की पावतोय, खाली ठेवलं की मुका. देव काय वरच्या मजल्यावरच राहतोय व्हय?”

अडचण अशी होती. कॅलेंडर म्हणजे एक टेबल. प्रत्येक तारीख म्हणजे त्यातली एक चौकट. आणि चौकटीच्या आत एक रंगीत खण, ज्याला बोट लावलं की त्या दिवसाची माहिती उघडते. लक्ष्मीपूजनाच्या चौकटीत मुहूर्त, अमावस्येची वेळ आणि शेठच्या शुभेच्छा एवढं सगळं कोंबलेलं. त्यामुळे तो आठवडाच उंच झाला. टेबलाचा धर्म असा की एक चौकट उंच झाली की तिच्या रांगेतल्या साऱ्या चौकटी तेवढ्याच उंच होतात. चौकटी झाल्या, पण आतले खण झाले नाहीत. ज्या खणात शब्द थोडे, तो शब्दांपुरता वर उरला आणि खाली पांढरी मोकळी जागा पडली.

“मी त्याला सांगितलंय की, उंची शंभर टक्के म्हणून,” निवास म्हणाला. “लिहिलंय इथं. ऐकतच नाही.”

“मग आपण सांगितलेलं चुकलं असेल,” आप्पा म्हणाले.

“काय चुकलं?”

“शोध.”

हे त्यांचं आवडतं उत्तर. निवासने शोधलं. आधी त्याने अख्ख्या चौकटीलाच रंग फासला. शेठ खूश झाले, बोट लावलं, आणि तोंड पाडून म्हणाले, “रंग हाय, आत कोण न्हाई.” मग त्याने खणांना ठरावीक उंची दिली, मोठी. लक्ष्मीपूजन तरी त्याहून उंच निघालं, एकादशी तरी उघडीच राहिली. उलट बाकीचे आठवडे विनाकारण लांबले, आत नुसती हवा.

“हे तर हंगाम सरल्यावरचं माझं गोदाम झालं की,” शेठ म्हणाले.

गोदाम हा शब्द ऐकून निवासचा हात कीबोर्डवरून खाली आला. खिडकीतलं ऊन कलत आलं होतं. त्याने फोन हातात घेतला. “आप्पा, मला नाही जमत. मामाला कळवून टाकतो. शनिवारी जातो.”

आप्पांना मामाचं माहीत होतं. निवासने सोमवारीच सांगितलं होतं आणि तेव्हाही ते ‘बघू’ म्हणाले होते. आता ते जागचे उठून त्याच्यापाशी आले. मग म्हणाले, “ऊठ जरा.”

ते खुर्चीत बसले. गुडघा चोळला. निवासने घातलेला रंग काढला, ठरावीक उंची काढली. आतल्या खणाचं ‘शंभर टक्के’ तसंच ठेवलं. मग जिथे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं तिथे, म्हणजे खुद्द चौकटीपुढे, एक ओळ लिहिली: उंची, एक पिक्सेल.

निवास पुढे झुकला. “आप्पा! चौकटीला एक पिक्सेल? अहो, आख्खा महिना दोऱ्यासारखा होईल.”

“पिक्सेल म्हणजे केवढा?” शेठनी विचारलं.

“पडद्यावरचा एक ठिपका. मोहरीहून बारीक.”

“आणि त्यात दिवाळी बसवायलाय तुम्ही? आप्पा, वय झालं बघा तुमचं.”

आप्पांनी कळ दाबली.

महिना दोऱ्यासारखा झाला नाही. एकही चौकट तसूभर आखडली नाही. उलट साऱ्या महिन्याचे खण, पाणी सोडल्यावर वाफे भरावेत तसे, तळापर्यंत उतरले. एकादशी पायापर्यंत रंगली. शेठनी तिच्या अगदी खालच्या कोपऱ्याला भीत भीत बोट लावलं. तिथी उघडली.

“पावला,” शेठ म्हणाले.

निवास ती एक ओळ पाहत होता. मग म्हणाला, “उंच करायचं होतं, आणि तुम्ही इतकं लहान लिहिलंत. कसं काय?”

आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. चिडले नाहीत. काम जमलं की त्यांचा आवाज उतरत असे.

“तुझ्या खणाने काय म्हटलं होतं? ‘माझी चौकट जेवढी, तेवढा मी. शंभर टक्के.’ चांगली गोष्ट आहे. मग त्याने चौकटीला विचारलं, तू केवढी? चौकटीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे तिचं उत्तर काय? ‘बघू. आत जे असेल ते किती वाढतं त्यावर आहे.’ हा तिच्याकडे बघतो, ती याच्याकडे बघते. कशाचे शंभर टक्के काढायचे तेच ब्राउझरला कळेना. शेवटी तो म्हणतो, सोडा, तुझे शब्द आहेत तेवढ्यापुरता राहा. तुझा खण आळशी नव्हता, निवास. त्याला मोजायला काही नव्हतं.”

“पण एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ काहीच नाही की.”

“काहीच नाही आणि एक, यांत फार अंतर आहे. टेबलातल्या चौकटीला दिलेली उंची हे तिचं छत नसतं, जोतं असतं. त्याहून खाली ती जात नाही; वर किती जायचं ते रांग ठरवते. मी एक म्हटलं म्हणून ती एकावर थांबली नाही. पण ती काहीतरी ठाम म्हणाली, एवढ्यावर आतल्याला विश्वास बसला. मग ती रांगेबरोबर वाढली आणि हा तिच्याबरोबर वाढला. सगळेच ब्राउझर हे एकसारखं ऐकतात असं नाही, एखाद्याला निराळं समजवावं लागतं. पण मूळ हेच. आधी बाहेरच्याने आपला आकडा सांगायचा. मग आतल्याकडून शंभर टक्के मागायचे.”

इथे साधारणपणे दृष्टांत संपतो. शिष्याचे डोळे भरून येतात, तो गुरूच्या पायावर डोकं ठेवतो आणि लेखक सुविचार लिहून मोकळा होतो. निवासने डोकं ठेवलं नाही. तो उभाच राहिला.

“मग आप्पा,” तो म्हणाला, “माझ्यापुढं तुम्ही किती लिहिलंय?”

“म्हणजे?”

“मी विचारलं, राहू का. तुम्ही म्हणालात, तुझ्या कामावर आहे. मी काम मागितलं. तुम्ही म्हणालात, पेलतोस किती ते बघू. हेच झालं की. मी शंभर टक्के लिहून दोन दिवाळ्या बसलोय. तुमच्याकडं रिकामं.”

आप्पांचा चेहरा तांबडा झाला. “मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?”

“पद्धत आत्ता तुम्हीच शिकवलीत.”

खाली कासारीण कोणाला तरी म्हणत होती, “हात ढिला सोड, बाई.” शेठ कॅलेंडरांची सुरळी या काखेतून त्या काखेत घेत होते. त्यांना खरं तर आपल्या एकादशीचं झाल्यावर निघायचं होतं. पण जागचे न हलता पुटपुटले, “आप्पा, पोरगं खोटं न्हाई बोलत.”

आप्पा त्या एका ओळीकडे पाहत होते. मघाशी निवास पाहत होता तसेच.

“मला वाटायचं,” शेवटी ते म्हणाले, आणि आवाज पुन्हा उतरला होता, “शब्द द्यायचा तर सगळा द्यावा. उद्या या माडीचं काय होईल, मलाच ठाऊक नाही. दोन पतसंस्था, एक कारखाना आणि हे शेठ. तुला ‘कायमचा राहा’ असं कुठल्या तोंडाने सांगू? सगळा देता येत नाही, तर काही बोलूच नये. म्हणून थांबलो होतो. नालायक समजून नव्हे.”

“ते मला कुठं ठाऊक होतं?”

“नव्हतं.”

“आणि सगळा कोण मागतंय? मघाशी चौकटीला तुम्ही एकच पिक्सेल दिलात.”

आप्पा हसले नाहीत. हा माणूस हसण्यातला नव्हताच. त्यांनी शेठच्या काखेतली सुरळी ओढून घेतली आणि टेबलावर उलगडली. जुनी पानं कडांना पिवळी पडली होती. एकावर कोणाच्या तरी घरचं दूध चुकल्याची फुली तशीच होती. आप्पा पानं उलटत एका पानावर थांबले.

“फेब्रुवारी,” ते म्हणाले. “शेठच्या नव्या कॅलेंडरातला फेब्रुवारी तुझा.”

“सगळ्यांत लहान महिना?”

“सगळ्यांत लहान. पण पुरता तुझा. तिथ्या तू लावायच्या, रंग तू ठरवायचे. मी डोकावणार नाही. चुकला तर शेठ तुला शिव्या घालतील, मला नाही.”

“घालणार की,” शेठ म्हणाले. “महाशिवरात्र हुकली तर जिन्यावरनं ढकलून देतो. तिसरी पायरी आपोआप काम करतीया.”

निवास खिडकीपाशी गेला आणि त्याने मामाला फोन लावला. बाजार सुटायची वेळ, गल्लीत कालवा. त्यामुळे त्याला मोठ्याने बोलावं लागलं आणि माडीवर सगळं ऐकू आलं.

“मामा, मी येत नाही… नाही, कायमचं ठेवून घेतलं असं नाही… फेब्रुवारी दिलाय मला… फेब्रुवारी!… हो, ऑगस्टच चाललाय. ठाऊक आहे मला.”

आप्पा पाठ फिरवून चष्मा पुसत होते. स्वच्छ होता तरी.

आता ती माडी नाही. कासार गल्लीत त्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. कासारीण मुलीकडे गेली आणि तिच्याबरोबर गल्लीतला तो काचेचा किणकिणाटही गेला. आप्पा जाऊनही बरेच दिवस झाले. त्यांच्या पद्धतीने टेबलात पान मांडणारा आता शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर लोक हसतील. शेठचं कॅलेंडर मात्र अजून निघतं, कागदावर आणि फोनवरही. बाराही महिने निवास करतो. मार्च त्याला कधी दिला हे आप्पांनाही शेवटपर्यंत आठवत नव्हतं आणि निवासलाही आठवत नाही. कोणी दिलाच नसावा. फेब्रुवारीला लागून तो आपोआप आला, मग एप्रिल.

निवासकडे शिकायला आता पोरं येतात. आल्या आल्या तो त्यांची लायकी तपासत बसत नाही. पहिल्या दिवशी कॅलेंडर उलगडतो आणि विचारतो, “कोणता मंगळवार पाहिजे? तेवढा पुरता तुझा.”

ज्यांना समोरच्याचे शंभर टक्के हवे आहेत, त्यांनी आपल्या बाजूला आधी काहीतरी लिहावं. मोहरीएवढं चालेल, रिकामं नको.